कोण मोजतो, कोण बोलतो : ग्वातेमालाच्या साहित्यातील माया-लादिनो विभागणीची समीक्षा

सारांश

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशाची लोकसंख्या माया, शिंका, गारिफुना आणि लादिनो अशा समूहांची बनलेली आहे. तथापि या देशाच्या राज्यव्यवहाराने आणि साहित्याने दीर्घकाळ ‘इंडिओ’ आणि ‘लादिनो’ अशी दुहेरी विभागणीच गृहीत धरली. प्रस्तुत लेखात मिगेल आंखेल आस्तुरियास, रिगोबेर्ता मेंचू, लुईस दे लिऑन आणि उम्बेर्तो अकाबाल यांच्या लेखनाच्या आधारे या विभागणीची चिकित्सा केली आहे. साहित्यकृती किती लोकांच्या वतीने बोलते, यापेक्षा ती इतरांना स्वतःचे नाव स्वतः सांगण्यास किती जागा ठेवते, हा निकष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : ग्वातेमाला, माया, लादिनो, शिंका, साक्षकथन, जनगणना, प्रतिनिधित्व

प्रस्तावना

एखाद्या देशाची लोकसंख्या कोणत्या समूहांची बनलेली आहे, हा प्रश्न वरवर पाहता संख्याशास्त्राचा वाटतो. जनगणनेचा तक्ता समोर ठेवला की उत्तर मिळाले, असा आपला समज असतो. परंतु तक्त्यातील रकाने कोणी आखले, कोणत्या रकान्यात कोणाला बसविण्याचा अधिकार कोणाला होता आणि ज्यांना रकानाच मिळाला नाही त्यांचे काय झाले, हे प्रश्न विचारताच विषय इतिहासाच्या, राजकारणाच्या आणि शेवटी साहित्याच्या प्रांतात येतो. कारण समूहाला नाव देण्याचे काम शासनाइतकेच साहित्यही करीत असते.

या दृष्टीने ग्वातेमाला हे अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. 2018 च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या 1 कोटी 49 लाखांच्या घरात होती. त्यांपैकी 56 टक्के लोकांनी स्वतःची नोंद लादिनो अशी केली, 41.7 टक्के लोकांनी माया, 1.8 टक्के लोकांनी शिंका, तर सुमारे 0.1 टक्का लोकांनी गारिफुना अशी केली. आफ्रिकी वंशाची अन्य ओळख सांगणारे 0.2 टक्के होते. ‘माया’ या एका शब्दाखाली पुन्हा 22 भाषिक समूह आहेत. किचे, केक्ची, काक्चिकेल आणि माम हे त्यांतील मोठे समूह. या भाषा एकाच कुळातील असल्या, तरी एकीचा भाषक दुसरी सहज समजू शकेलच असे नाही.

याच देशाने दोन नोबेल पारितोषिक विजेते दिले. 1967 मध्ये आस्तुरियास यांना साहित्याचे, तर 1992 मध्ये मेंचू यांना शांततेचे पारितोषिक मिळाले. पहिले लादिनो, दुसऱ्या किचे माया. दोघांच्याही कीर्तीच्या केंद्रस्थानी माया लोकांचे जगणे आहे. म्हणूनच त्यांच्या लेखनाची समीक्षा करताना ‘कोण कोणाच्या वतीने बोलतो’ हा प्रश्न टाळता येत नाही.

नाव देणारी सत्ता

‘लादिनो’ या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. वसाहतकाळात स्पॅनिश बोलू शकणाऱ्या आणि स्पॅनिश रीतिरिवाज अंगीकारलेल्या मूलनिवासी माणसाला हा शब्द लावला जाई. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि ग्वातेमालात ‘जो इंडिओ नाही तो लादिनो’ असा त्याचा व्यावहारिक अर्थ स्थिरावला. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या समूहाचे नाव नकारातून घडलेले आहे. ‘इंडिओ’ हा शब्दही मूलनिवाशांनी स्वतःसाठी निवडलेला नव्हता. भूगोलाच्या गैरसमजातून तो जन्मला आणि अपमानवाचक म्हणून रूढ झाला.

ही विभागणी निसर्गसिद्ध नव्हती, याचा उत्तम पुरावा 1876 मध्ये सापडतो. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष खुस्तो रुफिनो बार्रिओस यांच्या राजवटीने सान मार्कोस प्रांतातील सान पेद्रो साकातेपेकेस या गावचे इंडिओ स्त्री-पुरुष यापुढे कायद्याने लादिनो समजले जातील, असा हुकूम काढला आणि त्यांनी लादिनो पोशाख करावा असेही त्यात नमूद केले. एका हुकमाने संपूर्ण गावाचा वंश बदलू शकत असेल, तर तो वंश रक्तात नसून दप्तरात आहे, असेच म्हणावे लागते. पोशाख बदलला की ओळख बदलली, या समजुतीत मूलनिवासी संस्कृतीने हळूहळू नाहीसे व्हावे ही अपेक्षाही अध्याहृत होती.

जनगणनेच्या आकड्यांकडेही याच संदर्भात पाहिले पाहिजे. 1950 च्या जनगणनेत मूलनिवाशांचे प्रमाण निम्म्याहून अधिक नोंदले गेले होते, तर 2002 मध्ये ते 41 टक्क्यांवर आले. मधल्या काळातील स्थलांतर आणि दडपशाही यांबरोबरच नोंद करण्याच्या पद्धतीचा आणि मूलनिवासी म्हणवून घेण्याच्या सामाजिक किमतीचाही या आकड्यांवर परिणाम झाला. 2002 मध्ये शिंका म्हणून केवळ 16,214 लोकांची नोंद झाली होती. 2018 मध्ये हीच संख्या 2,64,167 झाली, म्हणजे सोळा पटींहून अधिक वाढली. याच काळात देशाची एकूण लोकसंख्या सुमारे एक तृतीयांशानेच वाढली होती. ही वाढ पाळण्यात झालेली नाही, ती उत्तर देणाऱ्यांच्या मनात झालेली आहे. 2018 मध्ये प्रत्येकाला आपल्या मूळ व इतिहासाच्या आधारे आपण स्वतःला कोण मानतो, असे विचारले गेले. प्रश्न बदलला, संघटन वाढले आणि लोकांनी आजवर न उच्चारलेले नाव उच्चारले.

आस्तुरियास : विषय झालेला माया

आस्तुरियास यांनी 1923 मध्ये कायद्याच्या पदवीसाठी ‘इंडिओची सामाजिक समस्या’ या विषयावर प्रबंध लिहिला. इंडिओंची अवनती झाली आहे असे गृहीत धरून युरोपीय स्थलांतरितांशी वंशसंकर घडवून आणणे हा त्यावरील उपाय म्हणून त्यात सुचविला आहे. शोषणाबद्दलची कणव आणि वंशसुधारणेचा विचार हे दोन्ही एकाच प्रबंधात शेजारी नांदतात. त्या काळातील लॅटिन अमेरिकन उदारमतवाद्यांमध्ये असे विचार सर्रास आढळत, हे खरे. तथापि काळाचा दाखला विचाराचा उगम स्पष्ट करतो, त्याचे परिणाम पुसून टाकीत नाही.

पुढे पॅरिसमध्ये जॉर्ज रेनो यांच्याकडे अध्ययन करीत असताना आस्तुरियास यांचा माया वाङ्मयाशी गंभीर परिचय झाला. रेनो यांच्या फ्रेंच अनुवादावरून त्यांनी होसे मारिया गोन्सालेस दे मेंदोसा यांच्या सहकार्याने ‘पोपोल वुह’ हा किचे लोकांचा ग्रंथ स्पॅनिशमध्ये आणला. ग्वातेमालाच्या लेखकाला आपल्याच देशातील ग्रंथाकडे पॅरिसच्या आणि फ्रेंचच्या वाटेने जावे लागले, ही वस्तुस्थिती त्या समाजातील अंतराची कल्पना देते.

या परिचयाचे फलित म्हणजे 1949 मधील ‘मक्याची माणसे’ ही कादंबरी. माणूस मक्यापासून घडला, या ‘पोपोल वुह’मधील कल्पनेवर ती उभी आहे. मका हे आपले मांस आहे असे मानणारे मूलनिवासी आणि विक्रीसाठी मका पिकविण्याकरिता अरण्य जाळणारे व्यापारी शेतकरी, यांच्या संघर्षातून कथानक सुरू होते. गास्पार इलोम हा त्या संघर्षाचा नायक. त्याच्यावर विषप्रयोग होतो, त्याच्या माणसांची कत्तल होते आणि तो नदीत देह टाकतो. त्यानंतर कादंबरी क्रमाक्रमाने इतिहासातून मिथकात सरकत जाते. टपाल वाहणारा निचो आकिनो कोयोटीचे रूप घेतो, आंधळा गोयो यिक आपल्या हरवलेल्या पत्नीच्या शोधात भटकतो.

या कादंबरीचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. भूमीचे बाजारीकरण आणि समूहाचा विनाश यांतील नाते तिने ज्या तीव्रतेने दाखविले, तसे त्यापूर्वी ग्वातेमालाच्या कादंबरीत क्वचितच आढळते. स्पॅनिश गद्याला तिने पुनरुक्तीची, मंत्रोच्चाराची लय दिली. 1923 चा प्रबंधकार आणि 1949 चा कादंबरीकार यांत मोठे अंतर आहे, हेही मान्य करावे लागेल. पण एक सातत्य नजरेआड करता येत नाही. प्रबंधात माया माणूस ही ‘समस्या’ होती, कादंबरीत तो ‘मिथक’ झाला. दोन्ही ठिकाणी त्याच्याविषयी दुसरे कोणी बोलत आहे. गास्पार इलोमनंतरचा माया शेतकरी वेतनासाठी कॉफीच्या मळ्यावर जातो, न्यायालयात जमिनीचे कागद सादर करतो, मुलाला शाळेत घालतो. या वर्तमानाला मिथकाच्या रचनेत फारसे स्थान उरत नाही. पुढे लेखकाचे पुत्र रोद्रिगो आस्तुरियास यांनी सशस्त्र चळवळीचे नेतृत्व करताना ‘गास्पार इलोम’ हेच टोपणनाव घेतले. कादंबरीतील मूलनिवासी नायकाचे नाव लादिनो सेनानीने धारण करणे, हे प्रतिनिधित्वाच्या गुंत्याचे बोलके उदाहरण होय.

मेंचू : ‘मी’ या शब्दाचा भार

साक्षकथन हा वाङ्मयप्रकार 1960 नंतरच्या लॅटिन अमेरिकेत रूढ झाला. क्युबातील मिगेल बार्नेत यांचे 1966 मधील पळून गेलेल्या गुलामाचे चरित्र हा त्याचा आरंभीचा नमुना मानला जातो. मराठीत ज्याला आपण आत्मकथन म्हणतो त्याच्या हा प्रकार जवळचा आहे, परंतु एक मूलभूत फरक आहे. आत्मकथनात सांगणारा आणि लिहिणारा एकच असतो. साक्षकथनात सांगणारी व्यक्ती वेगळी आणि ते शब्दबद्ध करणारी, त्याची प्रकरणे पाडणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

मेंचू यांचे 1983 मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक याच प्रकारचे आहे. 1982 च्या आरंभी पॅरिसमध्ये सुमारे आठवडाभर त्या बोलल्या आणि व्हेनेझुएलाच्या मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बुर्गोस यांनी ते ध्वनिमुद्रित करून संपादित केले. प्रश्न गाळले गेले, कथन विषयवार लावले गेले आणि प्रकरणांच्या आरंभी ‘पोपोल वुह’ व ‘मक्याची माणसे’ यांतील अवतरणे घातली गेली. किचे स्त्रीच्या मौखिक कथनावर लादिनो कादंबरीकाराच्या शब्दांची तोरणे बांधण्याचा हा निर्णय संपादकाचा होता. वाचकाला परिचित असलेल्या ‘माया’ प्रतिमेकडे तो कथनाला नकळत ओढतो.

आपले जीवन हे ग्वातेमालातील सर्व गरिबांचे जीवन आहे, अशी भूमिका मेंचू आरंभीच घेतात. त्यामुळे पुस्तकातील ‘मी’ व्यक्तिगत न राहता सामूहिक होतो. यात पुस्तकाचे सामर्थ्य आहे आणि संकटही. ज्या काळात लष्कर डोंगराळ भागातील गावे उद्ध्वस्त करीत होते, त्या काळात हा ‘मी’ जगापर्यंत पोहोचला. 1999 मध्ये ऐतिहासिक सत्यशोधन आयोगाने दिलेल्या अहवालानुसार सशस्त्र संघर्षात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले वा बेपत्ता झाले आणि पूर्णपणे ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. पुस्तकाने उठविलेला आवाज निराधार नव्हता, याची साक्ष हा अहवाल देतो.

त्याच वर्षी अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉल यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मेंचू यांचे शालेय शिक्षण, त्यांच्या भावाच्या मृत्यूचा प्रसंग इत्यादी तपशील प्रत्यक्ष घटनांशी जुळत नाहीत, असे स्टॉल यांनी मांडले. मेंचू यांनीही इतरांचे अनुभव आपल्या कथनात आल्याचे मान्य केले. त्यावर जो वाद झाला तो प्रामुख्याने ‘खरे की खोटे’ या एकाच मुद्द्याभोवती फिरला. एका बाजूने पुस्तक अविश्वसनीय ठरविले, तर दुसऱ्या बाजूने सामूहिक सत्यापुढे तपशील गौण आहेत असे सांगून प्रश्नच मिटविला. आमच्या मते दोन्ही बाजूंनी वादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुर्लक्षिला.

तो मुद्दा जमिनीच्या तंट्याचा आहे. पुस्तकात मेंचू कुटुंबाचा संघर्ष लादिनो जमीनदारांशी आहे. स्टॉल यांच्या म्हणण्यानुसार त्यांचे वडील विसेन्ते मेंचू यांचा दीर्घकाळ चाललेला तंटा प्रामुख्याने त्यांच्या पत्नीच्या माया नातेवाइकांशी होता. हे ग्राह्य धरले, तरी त्यामुळे लादिनो वर्चस्वाचे वास्तव खोटे ठरत नाही. विसेन्ते मेंचू 31 जानेवारी 1980 रोजी स्पॅनिश वकिलातीतील आगीत मृत्युमुखी पडले, हेही वास्तवच आहे. परंतु यातून एक गोष्ट दिसते. माया विरुद्ध लादिनो या दुहेरी साच्यात कथन बसविताना माया समाजांतर्गत मतभेद, स्पर्धा आणि नात्यांचे ताण वगळावे लागतात. सत्तेने ‘इंडिओ’ या एका शब्दात सर्वांना कोंबले होते. प्रतिकाराच्या कथनाने तोच साचा उलटा करून वापरला. साचा मात्र कायम राहिला.

पुढील इतिहासही याला पुष्टी देतो. 2007 आणि 2011 या दोन्ही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत मेंचू यांना सुमारे तीन टक्के मते मिळाली. याचा अर्थ त्यांचे कार्य निष्फळ ठरले असा नाही. साक्षकथनातील ‘आम्ही’ आणि मतदारयादीतील ‘आम्ही’ हे एकच नसतात, एवढाच निष्कर्ष त्यातून काढता येतो. मेंचू यांच्या पुस्तकाला मात्र या मर्यादेची जाण आहे असे म्हणण्यास आधार आहे. आपल्या समाजाची काही गुपिते आपण उघड करणार नाही, असे त्या वारंवार सांगतात. सर्वांच्या वतीने बोलणारी व्यक्ती जेव्हा काही गोष्टी राखून ठेवते, तेव्हा ती वाचकाला त्याची जागा दाखवून देत असते. आमच्या दृष्टीने पुस्तकातील सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे हे मौन होय.

दे लिऑन आणि अकाबाल : आतून आलेली चिकित्सा

काक्चिकेल लेखक व शिक्षक लुईस दे लिऑन यांना 15 मे 1984 रोजी सक्तीने बेपत्ता करण्यात आले. पुढे 1999 मध्ये उघडकीस आलेल्या लष्करी नोंदवहीत त्यांचे नाव आढळले. त्यांची ‘काळाचा आरंभ शिबाल्बात’ ही कादंबरी 1985 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. शिबाल्बा म्हणजे ‘पोपोल वुह’मधील पाताळ. या कादंबरीतील गाव मिथकाच्या तेजाने उजळलेले नाही. गावच्या देवळातील लाकडी कुमारी मारियेची गोरी मूर्ती हीच गावातील एकमेव लादिनो आहे आणि गावातील पुरुषांच्या भक्तीत व वासनेत तीच भरून राहिली आहे. वर्चस्व बाहेरून लादले जाते तसे ते मनात इच्छा होऊनही वसते, हे दे लिऑन दाखवितात. आस्तुरियास यांच्या उदात्त मायाला आणि मेंचू यांच्या एकसंध समूहाला ही कादंबरी एकाच वेळी छेद देते. माया माणूसही परस्परविरोधी वासनांचा, दुबळा, हिंसक आणि गुंतागुंतीचा असू शकतो, असे म्हणण्याचा हक्क ती मिळवते.

मोमोस्तेनांगो येथील उम्बेर्तो अकाबाल (1952-2019) यांनी भाषेचाच प्रश्न हाती घेतला. ते किचेमध्ये कविता लिहीत आणि स्वतःच तिचे स्पॅनिश रूप सिद्ध करीत. पक्ष्यांच्या आवाजांनीच रचलेल्या त्यांच्या कविता तर कोणत्याही भाषेत अनुवादित करण्याची गरज भासत नाही. त्यांची कविता अल्पाक्षरी आहे. तिच्यात घोषणा नाहीत आणि ‘सर्वांच्या वतीने’ बोलण्याचा आवही नाही. दगड, पाऊस, आजोबा, पायवाट यांविषयी एक माणूस एका भाषेत बोलतो, एवढेच.

2004 मध्ये अकाबाल यांनी ग्वातेमालाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार नाकारला. या पुरस्काराला आस्तुरियास यांचे नाव आहे आणि आस्तुरियास यांच्या 1923 च्या प्रबंधाने आपण ज्या समाजाचे घटक आहोत त्या मूलनिवासी समाजाचा अवमान केला आहे, असे कारण त्यांनी दिले. थोर कादंबरीकाराला विद्यार्थिदशेतील लेखनावरून तोलणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो अगदीच गैरलागू नाही. तथापि अकाबाल यांनी आस्तुरियास यांच्या कादंबऱ्यांवर निकाल दिला नव्हता. आपला सन्मान कोणाच्या नावाने व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी वापरला होता. 1876 मध्ये एका गावाला नाव लावले गेले. 2004 मध्ये एका कवीने लावले जाणारे नाव नाकारले. या दोन घटनांमधील अंतर हाच ग्वातेमालाच्या मूलनिवासी साहित्याचा प्रवास आहे.

नाव आणि न्याय

ही चर्चा केवळ वाङ्मयीन नाही. इशिल माया लोकांच्या वंशसंहाराबद्दल माजी हुकूमशहा एफ्राइन रिओस माँट यांना 10 मे 2013 रोजी 80 वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली आणि दहाच दिवसांत संविधान न्यायालयाने तो निकाल रद्द केला. 2018 मध्ये दुसऱ्या न्यायपीठाने इशिल समाजाचा वंशसंहार झाला हे मान्य केले, परंतु समोर असलेल्या आरोपीला दोषमुक्त केले. त्यापूर्वीच रिओस माँट यांचे निधन झाले होते. वंशसंहार सिद्ध होण्यासाठी बळी हे विशिष्ट समूहाचे म्हणून लक्ष्य केले गेले, हे दाखवावे लागते. मारले गेलेले लोक ‘बंडखोर’ वा ‘शेतकरी’ होते असे म्हटले की गुन्ह्याचे स्वरूपच बदलते. ‘इशिल’ हा शब्द तेथे कायदेशीर पुरावा ठरतो.

शिंका लोकांचा अनुभव याहून वेगळा नाही. सान राफाएल लास फ्लोरेस येथील चांदीच्या खाणीला परवाना देताना त्यांच्याशी विचारविनिमय झाला नव्हता आणि त्या परिसरात मूलनिवासी लोक नाहीत, अशी शासकीय भूमिका होती. सप्टेंबर 2018 मध्ये संविधान न्यायालयाने शिंका लोकांशी विचारविनिमय करण्याचा आदेश दिला. जनगणनेतील 16 हजारांचे अडीच लाखांवर जाणे आणि हा आदेश एकाच वर्षात यावा, हे सूचक आहे. ज्यांची भाषा जवळजवळ लुप्त झाली, ज्यांचा वेगळा पोशाख उरला नाही, त्यांनीही आपण आहोत असे सांगितले. पोशाख आणि भाषा यांवरून ओळख ठरविणारा जुना निकष येथे निरुपयोगी ठरला.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, ग्वातेमालाच्या साहित्याने मूलनिवाशांविषयी लिहिण्याकडून त्यांच्या मुखातून बोलण्याकडे आणि पुढे त्यांनी स्वतः लिहिण्याकडे वाटचाल केली. परंतु ही वाटचाल सरळ प्रगतीची म्हणता येणार नाही. प्रत्येक टप्प्यावर काही आवाज ऐकू आले आणि काही दबले. येथे चर्चिलेल्या चारही लेखकांच्या कृतींत शिंका व गारिफुना लोकांना जवळजवळ स्थान नाही. गारिफुना आणि शिंका या भाषांना 2003 च्या राष्ट्रीय भाषा कायद्याने मान्यता दिली. साहित्याच्या इतिहासात त्यांची नोंद होणे अद्याप बाकी आहे.

आपल्या महाविद्यालयांत भाषांतरित साहित्याच्या अभ्यासपत्रिकांत मेंचू यांचे पुस्तक नेमताना ते ‘माया लोकांचा आवाज’ म्हणून शिकविण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे येथे सुचवावेसे वाटते. ते एका किचे स्त्रीचे, एका संपादकाच्या हातून आलेले, एका भीषण काळातील कथन आहे. त्याच्या शेजारी दे लिऑन यांचे अस्वस्थ करणारे गाव आणि अकाबाल यांची एखादी लहान कविता ठेवली, तर विद्यार्थ्याला समूहाऐवजी माणसे भेटतील. जनगणनेच्या रकान्याची ती मर्यादा आहे. साहित्याच्या अध्यापनाने ती स्वतःवर लादून घेण्याचे कारण नाही.